छोटा हत्ती घ्यावा की मोठी पिकअप? आधी गल्ली मोजा

शोरूममधला पहिला प्रश्न असतो, "माल किती टाकणार?" आणि उत्तर बहुधा वर्षातल्या सगळ्यात जड फेरीचं दिलं जातं. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान, नारळ, केळ्यांचे घड मिळून दीड टन झालं होतं, म्हणून दीड टनाची गाडी घेतली जाते. मग उरलेलं वर्ष तीच गाडी तीनशे किलो बिस्किटांचे खोके घेऊन म्हापशाच्या बाजारात पार्किंग शोधत फिरते. उलटंही होतं. हप्ता कमी बसतो म्हणून पाऊण टनाची घेतात आणि रोज अकराशे किलो भरतात. दोन वर्षांत कमानपाटे बसतात, क्लच जळतो, मागचे टायर मधूनच फुटतात आणि दोष कंपनीला जातो.

आपल्याकडे गोव्यात पिकअप म्हटली की साधारण तीन घरं पडतात. पहिलं पाऊण टनाचं: टाटा एस, म्हणजे २००५ पासूनचा छोटा हत्ती, आणि मारुतीची सुपर कॅरी. दुसरं एक ते दीड टनाचं: टाटा इंट्रा व्ही३०, अशोक लेलँड दोस्त, बोलेरो पिकअपचा लहान प्रकार. तिसरं दीड टनाच्या पुढचं: बोलेरो पिकअप १.७ टन, बडा दोस्त, दोन टनांची योद्धा. टोयोटा हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस हे वेगळंच प्रकरण. पाच माणसं बसवून मागे सर्फबोर्ड टाकायला त्या झकास, पण ५.३ मीटर लांबीतला बराच भाग केबिनच खाते. हौद्यात माल टाकून पोट भरायचं असेल तर त्यांचा विचार इथेच सोडा.

गाडी बघायला जाण्याआधी पंधरा दिवसांची वही ठेवा. प्रत्येक फेरीला चार नोंदी पुरतात: वजन, मालाचा आकार, अंतर, आणि वाटेतली सगळ्यात अरुंद किंवा सगळ्यात चढाची जागा. पंधरा दिवसांनी पानं उलटली की दहापैकी आठ फेऱ्या कुठल्या घरात बसतात ते दिसतं. गाडी त्या आठ फेऱ्यांसाठी घ्यायची. उरलेल्या दोन फेऱ्यांना भाड्याची गाडी करायची. समजा महिन्याला २००० किलोमीटर धावायचं आहे. लहान गाडी लिटरला १६ देते आणि मोठी १२, तर मोठीला महिन्याला ४० लिटरपेक्षा जास्त इंधन लागेल. टायर, क्लच, हप्ता यांतला फरक वेगळाच. एवढ्या पैशांत महिन्यातून दोन-तीनदा मोठा टेंपो भाड्याने येतो की नाही, हे आपल्या गावच्या भाड्याने प्रत्येकाने मांडून बघावं.

आता वजनाचा घोळ. जाहिरातीतला '७५० किलो' म्हणजे तुमच्या मालाचे ७५० किलो नव्हेत. हौद्यावर लोखंडी जाळी चढवली की ८० ते १०० किलो गेले. हेल्पर ६५ किलो. ताडपत्री, दोर, जॅक, पाण्याचा कॅन मिळून आणखी २०-२५. उरले ५७५ च्या आसपास. ड्रायव्हर रिकाम्या वजनात धरलाय की नाही, यावर सेल्समनशी वाद घालू नका. बॉडी बांधून झाली की टाकी फुल्ल करा, ड्रायव्हर-हेल्परला आत बसवा आणि गाडी वजनकाट्यावर घ्या. आरसीवरच्या एकूण भारित वजनातून तो आकडा वजा केला की उरतो तो तुमचा खरा माल. सीएनजी घेणाऱ्यांनी सिलिंडरचंही वजन धरावं: सुपर कॅरी पेट्रोलमध्ये ७४० किलो उचलते, सीएनजीत ६२५.

आपल्या रोजच्या मालात हे असं दिसतं. सिमेंटची पिशवी ५० किलोची, म्हणजे जाळी लावलेल्या छोट्या हत्तीत अकरा पिशव्या. पंधरा नव्हे. चिरा ३० किलोचा धरा, खाणीतून ओला आला तर त्याहून जड. एकोणीस चिऱ्यांत गाडी भरली, आणि हौदा मात्र अर्धाअधिक रिकामा दिसतो. तिथेच माणूस फसतो. चिरा, सिमेंट, रेती, टाइल्स हा जड माल जागा कमी घेतो, त्यामुळे 'अजून मावतंय की' म्हणत लोक भरत राहतात. हजार लिटरची पाण्याची टाकी भरली की पाणीच एक टन. ती छोट्या हत्तीवर चढवायची नाही, कितीही जणांनी चढवलेली पाहिली तरी.

याउलट हॉटेलच्या चादरी-टॉवेल, गाद्या, मंडपाच्या प्लास्टिक खुर्च्या, पाव. इथे वजन नाही, जागा लागते. अशा धंद्याला १.७ टनाची ताकद फुकट जाते. हवा असतो लांब हौदा आणि उंच जाळी. छोट्या हत्तीचा हौदा ७.२ फूट बाय ४.९ फूट. प्लायवूडचा तक्ता ८ बाय ४ फुटांचा. रुंदीला बसतो, पण लांबीला फाळक्याबाहेर, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराबाहेर, दहा इंच येतो. फाळका उघडा सोडून, लाल फडकं बांधून लोक नेतात. मागे किंवा बाजूला बाहेर आलेल्या मालाला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपयांचा दंड आहे. इंट्रा व्ही३० चा हौदा ८.८ फुटांचा, तिथे तक्ता आत बसून फाळका लागतो. फर्निचरवाल्या सुताराला गाडी निवडायला एवढा एकच फरक पुरेसा आहे. पीव्हीसी पाइप मात्र २० फुटांचा. तो कुठल्याच पिकअपच्या हौद्यात बसत नाही, त्यामुळे प्लंबरने पाइपसाठी म्हणून मोठी गाडी घेऊ नये.

गोव्यात वजनाच्याही आधी गल्ली येते. छोटा हत्ती दीड मीटर रुंद, ३.८ मीटर लांब, आणि ४.३ मीटरच्या त्रिज्येत वळतो. बोलेरो पिकअप १.७ मीटर रुंद, पण खरी अडचण लांबीची: पाच मीटरच्या पुढे. पणजीच्या मळा भागात किंवा साष्टीच्या कुठल्याही वाड्यावर, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आणि मध्ये काटकोनातलं वळण असलं की रुंदी पुरते, लांबी पुरत नाही. मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आत कापतं आणि गडग्याचा कोपरा हौद्याच्या बाजूला घासतो. हे गाडी घेण्याआधीच तपासता येतं. सगळ्यात अडचणीच्या वळणावर जाऊन गडग्यापासून गडग्यापर्यंतचं अंतर टेपने घ्या. वळणाआधीची आणि वळणानंतरची, दोन्ही रुंदी घ्या; त्या जितक्या कमी, तितकं मोठ्या पिकअपला तिथे मागेपुढे करावं लागेल किंवा ती वळणारच नाही, हे धरून चाला. ट्रायल मागताना शोरूमच्या समोरचा हायवे नको. गाडी त्या वळणावरच न्या. आरसे उघडे ठेवून न्या, कारण मोठ्या गाडीचे आरसे धरले तर रुंदी १.७ मीटरवर थांबत नाही.

फेरीबोटीने रोज जाणाऱ्यांनी, चोडण-दिवाडीचे लोक त्यात आले, आणखी एक गोष्ट बघावी. ओहोटीला बोट खाली जाते, रॅम्पचा उतार वाढतो, आणि मागच्या चाकामागे हौदा जितका लांब तितका त्याचा शेपटाकडचा भाग रॅम्पवर टेकतो. काही गाड्यांना स्टेपनी नेमकी तिथेच खाली टांगलेली असते. दहा फुटी हौदा घेण्याआधी मागच्या चाकाच्या मध्यापासून फाळक्यापर्यंतचं अंतर मोजून बघा.

घाटाबद्दल बाजारात एक पक्का गैरसमज आहे: मोठी गाडी चढणीला जोरात जाते. हिशेब मांडून बघू. छोटा हत्ती पेट्रोल, ६९४ सीसी, ३० पीएस (अश्वशक्ती), भरून दीड टनाच्या आसपास. टनामागे २० पीएस. बोलेरो पिकअप १.७ टन, २५२३ सीसी डिझेल, ७५ पीएसच्या आसपास, भरून साडेतीन टनांना थोडी कमी. टनामागे साधारण २२. म्हणजे दोन्ही पूर्ण भरून चोर्ला घाटाला लावल्या तर वेगात फारसा फरक नाही. फरक आहे तो टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवायच्या जोराचा. छोट्या हत्तीचा टॉर्क ५५ न्यूटन मीटर, बोलेरोचा २००. टनामागे ३७ विरुद्ध ५७. त्यामुळे लहान गाडी दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत चढते आणि बोलेरो शांतपणे. इंट्रा व्ही३० चे ७० पीएस आणि १४० न्यूटन मीटर, भरून २५६५ किलो: टनामागे २७ पीएस आणि ५५ न्यूटन मीटर. काणकोणला करमल घाटातून रोज माल नेणाऱ्याला या तिघींत मधली गाडी जास्त मानवेल, असं माझं मत.

पण बेळगावच्या भाजीवाल्याचा घाट उलटा आहे. चोर्ल्याने किंवा अनमोडने वर जाताना गाडी रिकामी, आणि खाली उतरताना भरलेली. म्हणजे भाजीच्या धंद्यात इंजिनापेक्षा ब्रेक महत्त्वाचा. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसलं की ड्रम तापतात, लायनिंगची पकड जाते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. घाट लागण्याआधीच खालच्या गिअरमध्ये या, ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी हा घाट चढली असती त्याच गिअरमध्ये. ब्रेक दाबून सोडायचा, सतत धरायचा नाही. त्यात आपली दमट हवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. मॅन्युअलमध्ये दोन वर्षं लिहिली असली तरी घाटात चालणाऱ्या गाडीचं ऑइल दर पावसाळ्याआधी बदललेलं बरं. खर्च चार-पाच किलो कांद्याच्या हिशेबातला.

कमी टनाची गाडी घेऊन 'एक पाटा वाढवू' म्हणणारे पुष्कळ. पाटा वाढवल्याने गाडी बसत नाही एवढंच. अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक, चासी सगळं पूर्वीचंच राहतं. त्याहून वाईट गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अनेक पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. हौदा खाली दबला की तो माल भरलाय असं समजतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. हौदा वर असला की गाडी रिकामी समजून दाब कमी करतो. जादा पाट्याने हौदा वर राहिला की भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीचा ब्रेक मिळतो. ही गोष्ट पहिल्यांदा कळते ती समोर गाय आडवी आली की. पाटा बदलायचाच असेल तर फिटरला त्या व्हॉल्व्हची दांडी पुन्हा सेट करायला सांगा. सगळ्यात चांगलं म्हणजे वरच्या घरातली गाडी घ्या.

माल कुठे ठेवला यानेही तेवढंच फिरतं. छोट्या हत्तीच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २.१ मीटर. मागच्या चाकामागे ८० सेंटीमीटरवर, फाळक्याला टेकून, २०० किलोचे मासळीचे क्रेट ठेवले तर पुढच्या चाकांवरचं वजन २०० × ०.८ ÷ २.१, म्हणजे ७६ किलोंनी कमी होतं. चढणीला ते आणखी घटतं आणि स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागतं. जड माल केबिनला टेकून सुरू करा, मालाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे येऊ द्या. तिन्ही घरांतल्या गाड्यांना जोर मागच्या चाकांचा. रिकामी गाडी पावसात लाल मातीच्या चढावर जागच्या जागी फिरते. कुळागरात, काजूच्या बागेत जाणाऱ्यांनी जूनपासून मागच्या अ‍ॅक्सलवर रेतीच्या दोन पिशव्या टाकून ठेवाव्यात. तेवढ्याने भागत नसेल तर मग फोर-बाय-फोरवाली कँपर वगैरे बघा, उगाच आधी नको.

कागदपत्रांत एक रेघ महत्त्वाची: ३००० किलो. एकूण भारित वजन ३००० किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. म्हणूनच या वर्गातल्या कितीतरी गाड्यांचं भारित वजन कंपन्यांनी तीन हजारांच्या थोडं खाली ठेवलं आहे. १.७ टनाची बोलेरो किंवा मोठा बडा दोस्त साडेतीन हजारांच्या आसपास जातो. त्यांना परमिट, आणि बेळगाव-सावंतवाडीला माल न्यायचा तर त्याप्रमाणे परमिटची सोय. गोव्यातून सीमा ओलांडायला तास-दीड तास पुरतो, त्यामुळे ही रेघ आपल्याकडे जास्त बोचते. जाहिरातीतला टनाचा आकडा बघू नका, आरसीवर काय येणार ते लेखी घ्या.

लायसन्सची भीती मात्र आता उरलेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की ७५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी साध्या लाईट मोटर लायसन्सवर चालवता येते. थर्ड पार्टी विम्यातही लहान-मोठीत फरक नाही, ७५०० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना एकच दर. २०२२ च्या अधिसूचनेत तो १६,०४९ रुपये होता. पासिंग दोघींनाही सारखंच: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. ओव्हरलोडला मात्र २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. लहान गाडीत तीनशे किलो जास्त टाकून वाचवलेली फेरी एका दंडात जाते.

इंजिन निवडताना अंतराकडे बघा. बीएस ६ डिझेलच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं तरी एका वेगाने पळायला हवी. मडगावच्या गोदामातून बाजारात दोन किलोमीटर, इंजिन बंद, पुन्हा दोन किलोमीटर, अशी चालणारी डिझेल गाडी फिल्टर तुंबून दिवा पेटवते. तो दिवा महिनाभर बघत राहिलात तर गाडी ताकद कमी करते आणि वर्कशॉपचं बिल येतं. अशा कामाला पेट्रोल किंवा सीएनजी. रोज ७०-८० किलोमीटर एका दमात असतील तर डिझेल. लहान गाड्यांत इंजिन सीटखाली असतं; एप्रिल-मेच्या उन्हात ते खालून शेकतं आणि दुरुस्तीला सीट उचलावी लागते. बॉनेटवाल्या गाडीत फिटर उभ्याने काम करतो आणि ड्रायव्हर दिवसभर टिकतो. सात-आठ तास चालवायची असेल तर ही चैन नाही.

शेवटी गंज. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर मासळी भरणाऱ्याने गाडी मोठी की लहान यापेक्षा हौदा कसा आहे हे आधी बघावं. बर्फ वितळून येणारं खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून खाली आडव्या पट्ट्यांवर पडतं आणि तिथून चासीच्या पोकळीत जाऊन बसतं. वरून रंग चकचकीत, आतून पापुद्रे. नवी गाडी घेतल्या घेतल्या हौद्याच्या चारही कोपऱ्यांना पाणी निघायची भोकं आहेत का बघा. नसतील तर पाडून घ्या आणि कापलेल्या कडांना प्रायमर लावा. लोखंडी तळावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा थेट ठोकू नका, मध्ये खारं पाणी शिरलं की दोन धातूंच्या मेळाने झीज वाढते. रबराची चादर टाका आणि आठवड्याला ती उचलून खालून गोड्या पाण्याने धुवा. मासळीची गाडी रोज संध्याकाळी धुवायची ती वरून नव्हे, खालून.

सेकंड हँड मोठी पिकअप नव्या लहान गाडीच्या किमतीत मिळते, आणि गोव्यात पुष्कळजण तेच करतात. वाईट नाही, पण सोबत एक छोटी हातोडी घेऊन जा. चासीच्या मागच्या टोकाला, पाट्यांच्या शॅकलजवळ आणि हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर हळू ठोका. आवाज टणक आला तर पुढचं बोला. बद्द आवाज येऊन तांबडा भुगा पडला तर नवा रंग कशासाठी मारलाय ते समजलं. ब्रेकचे लोखंडी पाइप मागच्या चाकाजवळ बोटाने चाचपा, फुगवटे लागले तर सगळे बदलण्याचा खर्च किमतीतून कापा. पाट्यांची पानं मोजा आणि दोन्ही बाजूंची संख्या कंपनीच्या संख्येशी ताडून बघा. एक पान जास्त असेल तर आधीच्या मालकाने आरसीवर लिहिलेलं वजन कधी पाळलं नव्हतं.